जुन्या ठोंबांची विभागणी आणि पुनर्लागवड

बहुवार्षिक फुलझाडाचा ठोंब, म्हणजे मुळांसह वाढलेला फुटव्यांचा झुबका, तीन-चार वर्षे एकाच जागी वाढला, की बहुधा त्याच्या मध्यभागी पोकळी पडते, फुले लहान होतात आणि सगळी जोमदार वाढ कडेला सरकते. नवे फुटवे बाहेरच्या बाजूने येतात आणि मधला भाग निबर होऊन मुळांच्या दाटीत अडकतो, हे त्याचे कारण. अशा वेळी खत वाढवून फारसे साधत नाही. ठोंब काढून त्याची विभागणीच करावी लागते.

झाड फुलोऱ्यात असताना मात्र त्याला हात लावू नये. वसंतात फुलणारी झाडे शरदात विभागावीत, आणि शेवंतीसारखी शरदात फुलणारी झाडे वसंताच्या आरंभी, कोंब दिसू लागताच. सोटमुळाच्या झाडांची, उदाहरणार्थ ल्युपिनची, विभागणी टाळावी. त्यांचे बी पेरणे श्रेयस्कर.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे आणि शक्यतो ढगाळ दिवस निवडावा. ठोंबाच्या घेरापासून वीतभर अंतर सोडून चहूबाजूंनी खणावे, म्हणजे मुळे कमी तुटतात. शेवंतीचे फुटवे हातानेच सुटतात. डे लिलीच्या मुळांचा गुंता मात्र हाताने सुटत नाही, तिथे दोन खणती काटे (खणण्याची दातेरी अवजारे) पाठीला पाठ लावून ठोंबात खुपसावेत आणि फाकवावेत. होस्टासाठी निर्जंतुक केलेली धारदार सुरी उत्तम. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच कोंब आणि पुरेशी मुळे असावीत. मधला निबर गाभा टाकून द्यावा. एवढा मोठा गड्डा फेकवत नाही हे खरे, परंतु तो पुन्हा लावल्यास जुनेच दुखणे नव्या जागी नेल्यासारखे होते.

उघडी मुळे उन्हावाऱ्यात फार लवकर सुकतात आणि माझ्या मते बरीचशी रोपे याच टप्प्यावर दगावतात. म्हणून तुकडे ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून त्याच दिवशी लावावेत. लागवडीची खोली पूर्वीइतकीच असावी. आयरिसचे गाठाळ खोड मातीच्या पृष्ठभागालगतच राहिले पाहिजे, आणि पिओनीचे डोळे 5 सेंटिमीटरपेक्षा खोल जाता कामा नयेत, अन्यथा पाने येतात पण फुले धरत नाहीत. माती दाबून घ्यावी, लगेच पाणी द्यावे, आणि नवी पालवी दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नये. पिओनी विभागणीनंतर वर्ष-दोन वर्षे फुलली नाही, तरी तिला पुन्हा उकरू नये.