अर्क टाकला, व्हायरस कमी झाला... थांबा! होस्ट सेलवर टेस्ट करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं बायोटेक नाहीतर मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायलीत, आणि प्रोजेक्ट म्हटलं की गुळवेल किंवा अडुळशाचा अर्क पेशींवर टाकून व्हायरस घटला का बघायचं हे ठरलेलंच. विषय खरंच चांगला आहे, पण गडबड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते, सगळं लक्ष व्हायरसवर आणि व्हायरस जिच्यात वाढतो त्या पेशीकडे, म्हणजे होस्ट सेलकडे, कुणी बघतच नाही.

व्हायरसला प्रोटीन बनवायला रायबोसोम पेशीचे लागतात, एनर्जी पण पेशीचीच. त्यामुळं पेशी आजारी पडली की व्हायरस आपोआप घटणारच, त्याला अँटिव्हायरल म्हणता येत नाही. सीसी५० म्हणजे निम्म्या पेशी मरतात तो डोस आणि ईसी५० म्हणजे व्हायरस निम्मा होतो तो डोस, दोन्ही काढा आणि भागाकार करा. सीसी५० २० आणि ईसी५० १० आला तर उत्तर २, एवढ्यावर खूश होऊ नका, १० च्या वर गेलं तर पुढं बोलूया.

आता एमटीटीची गंमत नीट समजून घ्या, पेशी जिवंत आहेत का बघायची ही रंगाची टेस्ट, जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात. पण झाडपाल्याच्या अर्कातली पॉलिफेनॉल नावाची रसायनं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात, म्हणजे पेशी मेल्यात आणि रीडिंग सांगतंय मस्त जिवंत आहेत! म्हणून प्लेटमध्ये नुसता मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) आणि अर्क, पेशी नाहीत, असे दोन-तीन वेल (प्लेटमधले छोटे खळगे) ठेवाच. अर्क ज्यात विरघळवता तो डीएमएसओ पण सगळ्या वेलमध्ये सारखाच पाहिजे, नाहीतर मोठ्या डोसला डीएमएसओ पण जास्त जातो आणि पेशी नक्की कशानं मेल्या ते कळतच नाही.

पेशी कुठली घेताय हे तर फार महत्त्वाचं. क्लोरोक्वीननं माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशीत कोविडचा व्हायरस अडला, कारण तिथं तो एंडोसोममधून (पेशीतल्या छोट्या पिशवीतून) आत शिरतो आणि हे औषध एंडोसोमची आम्लता घालवतं. माणसाच्या फुफ्फुसाच्या कालू-३ पेशीत मात्र टीएमपीआरएसएस२ हे एन्झाइम व्हायरसला दुसरी वाट देतं, तिथं क्लोरोक्वीन चाललं नाही, २०२० चंच संशोधन आहे हे. शिवाय व्हेरो पेशी इंटरफेरॉन (व्हायरसविरुद्ध पेशी सोडतात ते प्रोटीन) बनवत नाहीत, म्हणजे अर्क इंटरफेरॉन वाढवून काम करत असेल तर व्हेरोत काहीच दिसायचं नाही आणि चांगला अर्क उगाच बाद होईल.

उलटं पण होतं बघा, रक्सोलिटिनिबसारखं औषध इंटरफेरॉनचा सिग्नल बंद करतं आणि कितीतरी व्हायरस जास्त वाढतात. तेव्हा व्हायरसचा आकडा वर गेला म्हणून प्लेट टाकून देऊ नका, परत करून बघा.

आणि अर्क पेशीवर काम करतोय की थेट व्हायरसवर? इन्फेक्शनच्या आधी पेशींना अर्क द्या, धुवून काढा, मग व्हायरस घाला. दुसऱ्या वेलमध्ये अर्क इन्फेक्शननंतर घाला. तिसऱ्यासाठी व्हायरसच अर्कात ठेवून, भरपूर पातळ करून मग पेशींवर घाला. फरक तिथंच कळतो.