विज्ञानाच्या तासाला माहितीपट: सारांश नको, दावा तपासायला द्या

वर्गात पर्यावरणावरचा माहितीपट दाखवला की दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्यांत एकच निबंध येतो. सुरुवात ‘पाणी हेच जीवन’, शेवट ‘ही काळाची गरज आहे’ आणि मध्ये पडद्यावर काय काय झालं त्याची जंत्री. यात मुलांचा दोष नाही. ‘पाहा आणि सारांश लिहा’ म्हटल्यावर दुसरं काय येणार? विज्ञानाला प्रश्न असा हवा: निवेदकाचा एकच दावा निवडा आणि तो किती टिकतो ते पुराव्यानिशी लिहा.

अख्खा माहितीपट दाखवू नका. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच हजेरी आणि पडदे ओढण्यात जातात. सहा ते आठ मिनिटांचा तुकडा पुरे, पण त्यात कारण आणि परिणाम दोन्ही बोलून दाखवलेले हवेत. नुसतं सुंदर जंगल आणि बासरी असलेला तुकडा डोळ्यांना छान, लिहायला निरुपयोगी. तुकडा आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन वर्गातल्याच टीव्हीवर चालवून बघा. बरेच जुने टीव्ही एमकेव्ही फाइल उघडत नाहीत, एमपीफोर उघडतात. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. निवेदन इंग्रजी असेल तर आकडे आधीच फळ्यावर मराठीत लिहून ठेवा: मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. इथे घसरलेलं मूल पुढे सगळंच चुकतं.

तुकडा दोनदा दाखवायचा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद. वहीत तीन रकाने आखायला सांगा: दिसलं, सांगितलं, भासवलं. मूकपणे बघताना फक्त पहिला रकाना भरायचा. दुसऱ्यांदा आवाजासह, दोन-तीन ठिकाणी थांबवत, उरलेले दोन.

पहिल्याच रकान्यात गडबड होते. समजा पडद्यावर फेसाळलेलं पाणी आलं, मग मेलेले मासे, आणि निवेदक म्हणाला, ‘सांडपाण्याने नदीचा श्वास कोंडला.’ निम्मी मुलं ‘दिसलं’मध्ये लिहितात: नदी प्रदूषित आहे. ते दिसलेलं नाही. दिसलं ते एवढंच: पांढरा फेस, आणि पोट वर करून तरंगणारे मासे. फेस आणि मासे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी टिपले होते का, हेही पडद्यावर दिसत नाही. दोन दृश्यं शेजारी ठेवून नातं सुचवणं आणि खालून गंभीर संगीत लावणं, हे ‘भासवलं’मध्ये जातं. हा रकाना वर्गाला पटवायचा तर १९५८ चा ‘व्हाइट विल्डरनेस’ सांगा. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन मरताना दाखवले आहेत. चित्रण झालं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही. प्राणी आणून ढकलले होते. या माहितीपटाला ऑस्करही मिळालं होतं. मुलं हे विसरत नाहीत.

आता दावा तपासायचा. ‘नदीचा श्वास कोंडला’ याला मोजता येणारं रूप द्या: पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती? पारखायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष घ्या. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४. नाशिकच्या मुलांना शहरातलं गोदावरीवरचं रामकुंड आणि त्याच नदीवरचं, शहराच्या वरच्या बाजूचं गंगापूर धरण दोन्ही जवळ, त्यामुळे तुलना आयतीच मिळते. तपासणी किटने मोजताना बाटली पाण्याखाली तिरपी धरून काठोकाठ भरा आणि बूचही पाण्याखालीच लावा. आत बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. मुलांनी नदीत उतरायचं नाही, दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी काढून त्यातच बाटली बुडवायची. बादली ओढताना पाणी खळबळतं आणि थोडा ऑक्सिजन आत शिरतो, म्हणून ती दोन्ही ठिकाणी सारखीच, हळू ओढा. वेळ लिहून ठेवणं सक्तीचं. दुपारी तीनला शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो. रात्रभर श्वसन चालल्याने पहाटे तोच सर्वांत कमी असतो. दुपारी एकदा मोजून ‘निवेदक खोटं बोलतो’ असा निकाल देणारा गट इथे फसतो. किट नसेल तर गोदावरीतली जलपर्णी काठावरून बघा आणि एक चौरस मीटरच्या चौकटीत किती टक्के पाणी झाकलंय ते नोंदवा. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, आणि कुजताना ऑक्सिजन खाते.

आकडे वाचून तपासायचे असतील तर नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य घ्या. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे रामसर कराराच्या यादीतली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, कधी झालं? कुणी २०१९ आणेल, कुणी २०२०, आणि भांडण लागेल. यादीतली नोंद जून २०१९ ची, केंद्र सरकारने जाहीर केलं जानेवारी २०२० मध्ये. दोन्ही आकडे खरे, फक्त प्रश्न वेगवेगळे. निवेदकाच्या तारखा अशाच वाचायला हव्यात.

लिहायला दुसरी तासिका द्या, मर्यादा २५० शब्द. पहिल्या वाक्यात दावा आणि तो तुकड्यात कितव्या मिनिटाला येतो ते. मग पुरावे, निदान दोन: एक ‘दिसलं’मधला, एक स्वतः मोजलेला किंवा शोधलेला. मग पुरावा दाव्याशी कसा जुळतो किंवा जुळत नाही ते. सगळ्यात अवघड हाच भाग. ‘ऑक्सिजन ३.५ आला, म्हणून नदी मेली’ हे वाक्य पाडून दाखवा, शेजारी दुरुस्त वाक्य लिहा: ‘सकाळी साडेसहाला ऑक्सिजन ३.५ मिलिग्रॅम आला, म्हणजे माशांसाठीच्या ४ च्या खाली. पण एका सकाळच्या नमुन्यावरून वर्षभराचं सांगता येत नाही.’

२० गुण असे वाटा: दावा ४, पुरावा ८, तर्क ६, भाषा २. भाषेचे गुण वाढवलेत की ‘पाणी हेच जीवन’ परत येतं. ‘दावा अर्धा खरा’ असा निष्कर्ष काढणाऱ्याचे गुण कापू नका. उत्तरं बहुतेकदा तिथेच येतात. वही तपासताना आधी तीन रकाने बघा, मग लेख. शेजाऱ्याचा लेख उतरवलेला असेल तर मिनिटांच्या नोंदी चुकासकट सारख्या येतात.