फाइंडमध्ये डिलीट सगळ्यात शेवटी

दिवाळी अंकांच्या दिवसांत आमच्या छापखान्याचा लिनक्स सर्व्हर काठोकाठ भरतो. अशाच एका रात्री जागा करायला बसले आणि झोपेत फाइंडची (फायली शोधणाऱ्या कमांडची) ही ओळ ठोकली (इथे देवनागरीत देतेय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये):

फाइंड . -डिलीट -नेम '*.टीएमपी'

टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फायली जाव्यात एवढीच इच्छा. (टिंब म्हणजे आत्ता आपण आहोत तो फोल्डर.) गेली प्रुफं, कव्हरं, जाहिराती, सगळंच. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं.

फाइंड एकेक फाइल उचलतो आणि तुम्ही लिहिलेलं तिच्यावर डावीकडून उजवीकडे लावत जातो. एखादी अट खोटी ठरली की (मध्ये 'किंवा' नसेल तर) त्या फाइलसाठी पुढचं वाचतच नाही. माझ्या ओळीत पहिलाच शब्द डिलीट. म्हणजे आधी मारलं, मग नाव विचारलं! म्हणून आधी जागा, मग अटी, मग कृती:

फाइंड अंक/ -टाइप एफ -नेम '*.टीएमपी' -डिलीट

(-टाइप एफ म्हणजे फोल्डर सोडून फक्त फायली.) आता मी डिलीटच्या जागी आधी -प्रिंट लिहिते, यादी डोळ्यांखालून घालते, वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणते आणि फक्त शेवटचा शब्द बदलते.

ती अवतरणचिन्हं गाळू नका. गाळलीत तर फुलीचा (*) अर्थ शेलच, म्हणजे आपली ओळ आधी वाचणारा प्रोग्रामच, लावून मोकळा होतो. आपण आहोत त्या फोल्डरमध्ये दोन टीएमपी असल्या, तर फाइंड निदान कुरकुरतो. एकच असली की गप्प बसून फक्त त्याच नावाची फाइल शोधतो, आणि आपण म्हणतो, बाकीच्या गेल्या कुठे?

'किंवा'साठी -ओ आहे, तिथेही फसायला होतं:

फाइंड . -नेम '*.जेपीजी' -ओ -नेम '*.पीएनजी' -डिलीट

यात फक्त पीएनजी उडतात. दोन अटींमधला न लिहिलेला 'आणि' हा 'किंवा'पेक्षा घट्ट चिकटतो, त्यामुळे डिलीट एकट्या पीएनजीच्या वाट्याला जातं. दोन्ही हवे असतील तर दोन्ही नावं कंसात घाला. कंसाआधी उलटी तिरकी रेघ आणि कंसाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी.

-मॅक्सडेप्थ (किती फोल्डर आतपर्यंत शोधायचं) मात्र कुठेही लिहा, सगळ्या ओळीला लागू होतो. तरी जागेच्या लगेच पुढे लिहिलेला बरा, नाहीतर लिनक्सवरचा फाइंड इशारा देतो.

फायलींच्या आतला मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचं उलटं: आधी काय शोधायचं, मग कुठे. ग्रेप -आर 'शाई' नोंदी/. हे दोन्ही मी अजून अधूनमधून अदलाबदल करते, पण ग्रेप काही पुसत नाही, 'अशी फाइल नाही' म्हणतो आणि थांबतो.