एडिटरला लँग्वेज सर्व्हर जोडण्याआधी

लातूरच्या आमच्या चौघांच्या गटाने स्वतःचा छोटा कोड एडिटर बांधला आहे आणि त्यात आता लँग्वेज सर्व्हरची, म्हणजे कोडमधल्या चुका आणि व्याख्या एडिटरला सांगणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमची, सोय आणायची आहे. त्यासाठी ठरवलेली ही तयारी, अशाच कामाला हात घालणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडावी. निओव्हिम या एडिटरमध्ये ही सोय २०२१ पासून अंगभूत आहे, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही.

पहिले काम अगदी साधे आहे. हवे असलेले सर्व्हर चांगले नेट असेल तेव्हा उतरवून घ्यावेत, कारण वीज आणि नेट यांचा मेळ आपल्याकडे दररोज बसेलच असे नाही. पायथनसाठीच्या पायराइट या सर्व्हरला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) लागतो आणि सी-सी++ साठीच्या क्लँगडीला प्रत्येक फाइल कोणत्या पर्यायांनी कंपाइल होते याची नोंद लागते. या दोन्ही गोष्टी आधीच जागेवर असाव्यात. सुरुवात एकाच भाषेच्या सर्व्हरने करावी.

त्यानंतर संदेशांची ने-आण तपासावी. सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलत असेल, तर प्रत्येक संदेशापुढे त्याची लांबी येते, मग एक रिकामी ओळ आणि मग जेसन या मांडणीतला मजकूर. ही लांबी बाइटमध्ये मोजायची असते, अक्षरांत नव्हे. मजकुरात देवनागरी असताना अक्षरे मोजून आकडा पाठवला, तर सर्व्हर अर्धाच जेसन वाचून अडखळतो. संदेश तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो, म्हणून पूर्ण लांबी जमेपर्यंत तो साठवून ठेवण्याची व्यवस्था हवी. पहिली विनंती ‘इनिशिअलाइझ’ हीच जाते, आणि तिचे उत्तर येईपर्यंत दुसरे काहीही पाठवू नये.

सर्वांत जास्त वेळ ओळीतले स्थान मोजण्यासाठी राखून ठेवावा. ओळी शून्यापासून मोजल्या जातात, हे लवकर अंगवळणी पडते. खरी अडचण ओळीच्या आत आहे. ‘लातूर’ हा शब्द पडद्यावर तीन अक्षरांचा दिसतो, यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तो पाच एककांचा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइटचा. एडिटर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांचा, म्हणजे प्रोटोकॉलचा, मूळ हिशेब यूटीएफ-१६ चा आहे, तर आमचा एडिटर बाइटवर चालतो. सोयाबीनच्या भावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘लातूर’च्या पुढे त्याच ओळीत चूक होती, तेव्हा तिच्याखालची लाल रेघ दहा बाइट आधीच उमटली आणि अर्धा तास आम्ही सर्व्हरलाच दोष देत बसलो. प्रोटोकॉलच्या आवृत्ती ३.१७ पासून मोजणीची पद्धत सुरुवातीलाच ठरवून घेता येते, परंतु प्रत्येक सर्व्हर ती मान्य करील असे गृहीत धरू नये. रूपांतराचे फलन लिहून, चाचण्यांसह, हाताशी ठेवावे. चाचणीत एखादी इमोजीही असावी, कारण ती यूटीएफ-१६ मध्ये सहसा दोन एकके घेते.

फाइलचा पत्ता यूआरआयच्या, म्हणजे मोकळी जागा जशीच्या तशी न चालणाऱ्या वेबपत्त्यासारख्या, रूपात जातो, म्हणून ‘सोयाबीन हिशेब’ अशा नावाचा, मधे मोकळी जागा असलेला फोल्डर मुद्दाम तयार करावा आणि त्यातली फाइल उघडून व्याख्येवर उडी घेता येते का ते पाहावे. बदल कळवताना सुरुवातीला पूर्ण मजकूर पाठवणे सोपे पडते. फक्त बदललेला भाग पाठवणे नंतर आणावे, मात्र फाइलची आवृत्ती-संख्या पहिल्या दिवसापासून वाढवत राहावी, नाहीतर जुन्या मजकुराची सूचना नव्या मजकुरावर चिकटलेली राहते.

सर्व्हरची नोंदवही स्टँडर्ड एररवरून वेगळ्या फाइलीत वळवावी. एडिटर बंद होताना आधी ‘शटडाउन’ची विनंती आणि तिच्या उत्तरानंतर ‘एग्झिट’ पाठवावे, आणि मग प्रक्रियांच्या यादीत सर्व्हर मागे उरला नाही ना, हे पाहावे.