जेवणानंतरचं गाऱ्हाणं

माझं माहेर कुडाळचं. जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, बघत मोठी झाले. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद उभ्या जागी सुचतात. आता आम्ही बंगळुरात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. दोघांना मराठी कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. म्हणून ही रीत मी घरी आणली.

सुरुवात गाऱ्हाण्याने करा, म्हणजे कोकणात देवाला घालतात तशा साकड्याने. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. विषय आजचाच घ्या.

"बा देवा म्हाराजा, आज लिफ्ट बंद पडली."
"व्हय म्हाराजा!"
"आजयेक सहा माळे चढूचे लागले."
"व्हय म्हाराजा!"
"तिच्या गुडघ्यांक आराम पडांदे."

सगळे ओरडतात तेवढ्यात पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो. लाजऱ्या मुलाला नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणूनही खेळात राहता येतं. आमची धाकटी पहिले पंधरा दिवस तेवढंच म्हणत होती, आम्हीही तिला टोकलं नाही. मग एका रात्री म्हणाली, "माझी निळी खडू ज्याने घेतली, त्याला सुबुद्धी दे म्हाराजा." ज्याने आणि त्याला, जोडी बरोबर जुळली! मला भरून आलं.

इथे एक पथ्य पाळा: मध्येच चूक काढू नका. पूर्वी मी "खडू ती नाही, तो" असं म्हणायचे आणि पोर गप्प बसायची. आता माझी वेळ आली की म्हणते, "हिचा निळा खडू लवकर सापडू दे म्हाराजा." शब्दच अडला तर हातवारे करायला सांगा, बाकीच्यांनी तो पुरवायचा. 'डिंक' हा शब्द आमच्याकडे असाच आला.

गाऱ्हाणं अंगवळणी पडलं की छोटं आख्यान घ्या. कोण, कुठे, काय हवंय, एवढंच ठरवा. आमचं आवडतं: सावंतवाडीची एसटी, सासूबाई कंडक्टर, मुलाच्या काखेत कोंबडा. समोरच्याने सांगितलेलं नाकारायचं नाही. कंडक्टरने कोंबड्याला मोर म्हटलं की तो मोरच, आणि मग त्याचा पिसारा कुठे ठेवायचा ते सांगा. पाच मिनिटांत थांबा, मुलांना अजून हवंसं वाटत असतानाच.

मग तोच प्रसंग राजा आणि प्रधान होऊन करा. दशावतारात राजा भारदस्त प्रमाण मराठीत बोलतो, विनोदी पात्र मालवणीत. "प्रधानजी, आपण तिकीट काढलेत का?" असं मुलाने आजीला विचारलं, तेव्हा तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक मला वेगळा शिकवावा लागला नाही.

रविवारी कुडाळला बाबांना व्हिडिओ कॉल लावतो. त्यांचं 'व्हय म्हाराजा' जरा उशिरा पोचतं, तेव्हा वाक्य संपलं की थोडं थांबायचं.