टँग घरी आणताना: मराठवाड्यातल्या उन्हापाण्यात क्वारंटाइन कसं करायचं

टँग हा खाऱ्या पाण्यातला शेवाळ खाणारा मासा. नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी काही आठवडे वेगळा ठेवतात, त्या क्वारंटाइनच्या टाकीत टँग दगावला की लोक औषधाला दोष देतात. बहुतेक वेळा त्याला मारतो तो अमोनिया, नाहीतर उपास, आणि आपल्याकडे तिसरं कारण म्हणजे तापलेलं पाणी. तिन्हींचा बंदोबस्त मासा येण्याआधीच करता येतो. त्यामुळे तयारी महिनाभर आधी सुरू करा आणि मासा त्यानंतरच बुक करा.

क्वारंटाइन टाळायचा विचारही नको. टँगच्या अंगावरचा चिकट थर पातळ असतो, त्यामुळे खाऱ्या पाण्यातला व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी, त्याला सहज धरतो. हा परजीवी माशाच्या अंगावर ३ ते ७ दिवस राहतो, मग खाली पडून कवच करतो. त्या कवचातून नवी पिल्लं कधी तीन दिवसांत निघतात, कधी दोन महिन्यांहूनही उशिरा. ठिपके गेले म्हणून मासा बरा झाला असं समजणारे इथेच फसतात. मुख्य टाकीत तो एकदा शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवावी लागते. त्यापेक्षा दोन महिन्यांचं क्वारंटाइन कितीतरी सोपं.

आधी मासा कुठला ते ठरवा. यलो टँगला किमान चार फुटी टाकी लागते, ब्लू टँग आणि पावडर ब्लूला सहा फुटी. पावडर ब्लू लक्षद्वीपच्या प्रवाळांत सापडतो, म्हणजे तसा आपल्या बाजूचाच, पण रोग धरण्यात सगळ्यांत पुढे. पहिला टँग म्हणून तो घेऊ नका.

क्वारंटाइनसाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी घ्या. वर दोन इंच मोकळे सोडले की साधारण ११० लिटर पाणी बसतं, आणि ७-८ सेंटीमीटरच्या टँगला तेवढं पुरतं. आत वाळू नको, दगड नको. दोन्ही कॉपर, म्हणजे या परजीवीवर पुढे द्यायचं तांब्याचं औषध, शोषतात आणि त्याचं प्रमाण बिघडवतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले तीन-चार इंची पीव्हीसी एल्बो आणि टी ठेवा, सोल्युशन न लावलेले. टाकीला झाकण हवंच, घाबरलेला टँग उडी मारतो.

फिल्टर स्पंजचा आणि हवेवर चालणारा घ्या. तो चार आठवडे मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसतात. नवा कोरडा स्पंज लावून त्याच दिवशी मासा सोडला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया दिसणारच. हवेवरच्या फिल्टरचा आणखी एक फायदा लाइट गेल्यावर कळतो: लहान एअर पंप काही वॉटवरच चालतो, त्यामुळे घरचा इन्व्हर्टर तो रात्रभर ओढतो. शिवाय लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप जवळ असू द्या.

पाण्याकडे जास्त लक्ष द्या. बोअर असो की टँकर, आपल्याकडचं पाणी जड. नुसत्या घरच्या आरओवर भागत नाही, कारण त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर आणि मिनरलचं काडतूस असतं, आणि कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. नळी मेम्ब्रेनच्या लगेच पुढून काढा, तिला डीआय काडतूस (उरलेले क्षार काढणारं) जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य येतंय का ते बघा. जारचं पाणीही मीटर लावल्याशिवाय वापरू नका. मीठ रीफ सॉल्टच (समुद्री टाक्यांसाठीचं मीठ) हवं, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, आणि सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने मोजायची.

मासा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत आणा. तेव्हा परभणीकडे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, म्हणून १५० ते २०० वॉटचा हीटर लावून पाणी २५-२६ अंशांवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये घरातलंच तापमान ३५ च्या पुढे जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. तरीही उन्हाळ्यात क्वारंटाइन करायची वेळ आलीच तर पाण्यावर तिरपा पंखा सोडा. आपली हवा कोरडी असल्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो. पंख्याने दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडतं, मीठ आणि कॉपर मात्र टाकीतच राहतात, म्हणजे दोन्हींचं प्रमाण चढतं. काचेवर पातळीची चिकटपट्टी लावा, आधी गोडं पाणी भरून पातळी आणा आणि मगच कॉपर मोजा.

मासा निवडताना तो खाताना बघा, निदान व्हिडिओ मागवा. पोट आत गेलेला, डोक्यामागची पाठ चिमटलेली असा टँग स्वस्त मिळाला तरी नको. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणार असेल तर थर्माकोलचा डबा डिकीत न ठेवता वर सीटपाशी ठेवायला सांगा. डिकी तापते.

विक्रेत्याच्या टाकीतली सॅलिनिटी आदल्या दिवशी विचारा. ती बऱ्याचदा १.०१८ ते १.०२२ (विशिष्ट गुरुत्व) असते, आपली टाकी तेवढ्यावरच आणून ठेवा. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला तासभर ठिबक लावू नका, म्हणजे पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत बसू नका. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, उघडा, आणि मासा प्लास्टिकच्या डब्याने लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. जाळी वापरू नका, शेपटीजवळचा काटा तीत अडकतो आणि मासा जखमी होतो. तो काटा आपली बोटंही कापतो. सॅलिनिटी पुढे रोज ०.००१ ते ०.००२ ने चढवत १.०२५ वर आणा. ब्लू टँग घाबरला की आडवा पडून मेल्यासारखा राहतो. त्याला ढोसू नका, लाइट बंद ठेवा.

पहिले चार-पाच दिवस एकच काम, त्याला खायला लावणं. टँग दिवसभर शेवाळ खुडणारा मासा आहे, एका वेळच्या भरपेट खाण्यावर तो टिकत नाही. तेल-मीठ न लावलेली साधी नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पापडी) क्लिपला लावून दिवसातून दोन-तीनदा द्या आणि उरलेली दोन तासांत काढून टाका. सोबत मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). नोरी संपली असेल तर उकळत्या पाण्यातून काढलेला पालक एखाद-दोन दिवस चालतो.

खायला लागला की कॉपर. चिलेटेड कॉपर (पाण्यात टिकून राहील असं बांधलेलं) २ ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, पण एकदम नाही. दोन दिवसांत हळूहळू चढवा आणि तिथेच ३० दिवस ठेवा. कॉपर फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, म्हणून मधे पातळी खाली गेली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. रंगाच्या पट्टीवर विसंबू नका, कॉपर मोजणारं डिजिटल हाय रेंज मीटर घ्या. पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळा. अमोनिया चढला तर पाणीच बदला. अमोनिया बांधणारी काही औषधं कॉपरबरोबर विष तयार करतात.

कृषी सेवा केंद्रातलं मोरचूद, म्हणजे साधं कॉपर सल्फेट, वापरायचा मोह होतो. पिकावरच्या बोर्डो मिश्रणासाठी ते ठीक, माशाला नाही. त्याची उपचाराची मर्यादा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकी अरुंद आहे की जरा चुकलं तर मासा मरतो किंवा रोग वाचतो, आणि ते पाण्यातून लवकर खालीही बसतं.

श्वास फार जलद, मासा पॉवरहेडच्या (पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या) धारेत उभा, अंगावर बारीक पिठासारखी पूड, असं दिसलं तर तो वेल्व्हेट, दुसरा एक परजीवी रोग. तो दोन-तीन दिवसांत मासा नेतो. तेव्हा खाण्याची वाट न बघता त्याच दिवशी कॉपर सुरू करा.

तीस दिवस झाले की पाणी बदलून कॉपर काढून टाका आणि फ्लूकसाठी (कातडी-कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींसाठी) प्राझिक्वांटेल हे औषध द्या, लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ११० लिटरला २७५. पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस, कारण पहिल्याने अंडी मरत नाहीत. या दिवसांत हवा वाढवा, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. नंतर दोन आठवडे औषधाविना नुसतं निरीक्षण.

मुख्य टाकीत टँग सगळ्यांत शेवटी सोडायचा, तोही आधी तीन-चार दिवस छिद्रं असलेल्या पारदर्शक डब्यात. जुना टँग डब्यावर धडका देत असेल तर डबा अजून उघडू नका. क्वारंटाइनचा स्पंज, पाइप आणि बादली मुख्य टाकीकडे कधीच नेऊ नका. त्यांत मुरलेलं कॉपर कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मारतं. त्या बादलीवर आजच मार्करने खूण करून ठेवा.