हंगाम संपत आला आणि हरणाचा मोठा नर दिसत नाही? जाळीजवळ बसताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा, ठासणीच्या चकमकी बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापलीकडे चालतो. या दिवसांत एकच तक्रार सारखी कानावर येते: "ऑक्टोबरात कॅमेऱ्यावर रोज दिसणारा मोठा नर गायब झालाय." बहुतेक वेळा तो कुठेही गेलेला नसतो. नोव्हेंबरचा माज आणि थँक्सगिव्हिंगनंतरची रायफलवाल्यांची झुंबड यांतून तगलेला चार-पाच वर्षांचा व्हाइटटेल हरणाचा नर सहसा आपला मुलूख सोडत नाही. त्याच मुलखात, जिथे जायचा माणसाला कंटाळा येतो अशा एखाद्या जागी तो दिवस काढतो आणि अंधारात बाहेर पडतो. शेतावर पोचेपर्यंत शिकारीची कायदेशीर वेळ, म्हणजे सूर्यास्तानंतरचा अर्धा तास, संपून गेलेली असते. म्हणूनच तो दिवसा बसतो त्या जाळीजवळ, म्हणजे दाट झुडपांजवळ, जावं लागतं, आणि एवढं जवळ गेल्यावर चूक पचत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे अमेरिकेत येऊन मोठेपणी धनुष्य किंवा बंदूक हातात घेतलेल्या मराठी मंडळींचे गुरू म्हणजे ऑफिसातला एखादा सहकारी आणि यूट्यूब. त्यातले पुष्कळ व्हिडिओ राखलेल्या खासगी जमिनीवरचे असतात. तिथे जानेवारीतही नर उजेडात चरायला येतो. सरकारी गेम लँड्सवरच्या, म्हणजे शिकारीला खुल्या सार्वजनिक जमिनीवरच्या, बुजलेल्या नराला ते गणित लागू पडत नाही.

नर कुठे बसतो हे ठाऊक नसताना रान तुडवणं

हिवाळ्यात इथे वारा बहुधा वायव्येकडून येतो. त्यामुळे डोंगराच्या धारेची आग्नेय आणि दक्षिण बाजू आडोशाची असते आणि उन्हाचीही. माथ्यापासून सुमारे एक तृतीयांश खाली, विशेषतः जिथून डोंगराची एखादी सोंड उतरते तिथे, नर पाठीशी वारा घेऊन बसतो. मागून येणाऱ्याचा वास त्याला मिळतो, समोरून येणारा डोळ्यांना दिसतो. माउंटन लॉरेलची दाट जाळी, झाडं तोडल्यावर उगवलेलं कोवळं रान, वादळात आडवा पडलेला ओक, असं काहीतरी तिथे हमखास असतं. पण हायवेलगतचा झुडपांचा तुकडा किंवा गाडीतळामागची काटेरी जाळीसुद्धा सोडू नका. सगळे शिकारी तिला ओलांडून पुढे जातात, हे नराला ठाऊक असतं.

बर्फातली त्याची जागा ओळखू येते. लांबट खळगा, तळाशी अंगाच्या उबेने वितळून परत गोठलेला पातळ थर, त्यात चिकटलेले करडे, जाड केस. खळगा चार फुटांच्या आसपास आणि एकटाच असेल तर बहुधा नराचा. लहानमोठे तीन-चार जवळजवळ असतील तर माद्या आणि पाडसं. मात्र हे वाकून बघायचे दिवस फेब्रुवारी-मार्चचे, हंगाम संपल्यानंतरचे. हंगाम चालू असताना नकाशा, दुर्बीण आणि जाळीच्या कडेने बाहेर पडलेले माग, एवढ्यावरच भागवायचं.

पहाटे जाऊन बसणं

माझ्या मते शेवटच्या हंगामातली सगळ्यात महागात पडणारी सवय हीच. माजाच्या दिवसांत पहाट उत्तम, कारण नर मादीच्या शोधात दिवसभर हिंडत असतो. जानेवारीत तो उजाडायच्या बऱ्याच आधी जाळीत परतलेला असतो, किंवा तुम्ही अंधारात चालत असता तेव्हाच परतीच्या वाटेवर असतो. दोन्हीकडून तो तुम्हाला आधी ओळखतो. दुपारी जा, संध्याकाळ साधा.

पण संध्याकाळचं वाऱ्याचं गणित चुकलं तर दुपारची सगळी मेहनत वाया. उन्हाने उतार तापला की हवा वर सरकते. ऊन उतरलं की गार हवा जड होऊन घळीत उतरते. फोनवर "वायव्य, ताशी ५ मैल" दिसत असलं, तरी चार वाजल्यानंतर तुमच्या तोंडाची वाफ भलतीकडेच जात असते. नर उठतो आणि बहुतेक करून खालच्या शेताकडे किंवा ओकच्या फळांकडे उतरतो. त्याच्या थेट खाली बसलात तर उन्हं असेपर्यंत तुमचा वास वर त्याच्याकडे जातो. वर बसलात तर ऊन गेल्यावर खाली. म्हणून त्याच्या वाटेला आडवं, बाजूला बसायचं, आणि आपला वास घळीच्या अशा फाट्यात सोडायचा की जिथून तो जाणार नाही. चिमूटभर पावडर किंवा कापसाचा तंतू सोडून दर थोड्या वेळाने वारा बघत राहा. मन मानत नसेल तर त्या दिवशी तिथे जाऊच नका. जागा वाचली तर नर वाचतो, आणि नर असला तर पुढची संधीही असते.

आवाजाचंही तसंच. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजतं. अशा दिवशी जाळीच्या शंभर-दोनशे यार्डांत शिरायचा विचार सोडा. ताजा, भुसभुशीत बर्फ किंवा फांद्या हलवणारा वारा असेल तेव्हा जा, आणि झोत आला की चाला, थांबला की थांबा. जाताना अंगातलं जाड जाकीट पाठीवरच्या पिशवीत ठेवा. चढताना घाम आला तर बसल्यावर तासाभरात हुडहुडी भरते, आणि कुडकुडणारा माणूस हलल्याशिवाय राहत नाही.

एकाच मचाणावर रोज बसणं

ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी साउथ कॅरोलिनात नरांना जीपीएस पट्टे बांधून पाहिलं. शिकारी बसून गेलेल्या मचाणाजवळ नर दिवसा यायचं टाळत, आणि पुन्हा पूर्ववत व्हायला त्यांना तीनेक दिवस लागत. तिथे मचाणाजवळ ही गत, तर जाळीच्या तोंडावर काय होईल? माझा आग्रह असा, की एक जागा मोजक्याच दिवसांसाठी राखून ठेवावी: थंडीची लाट येऊन गेल्यावर, वारा अनुकूल असताना. कडाक्याच्या थंडीत त्याला खाणं चुकवता येत नाही. माजात त्याचं वजन पाचव्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त घटलेलं असतं.

उतरण्याची घाईही तितकीच वाईट. वेळ संपली, पण समोर हरणं चरताहेत आणि तुम्ही मचाणावरून उतरताय, हे दृश्य त्यांच्या लक्षात राहतं. पूर्ण अंधार होईपर्यंत बसा. खासगी शेत असेल तर मालकाला ट्रॅक्टर किंवा पिकअप घेऊन यायला सांगा. गाडीला हरणं सरावलेली असतात, ती बाजूला झाली की उतरा.

हाकाऱ्यावर भिस्त

इथे हाकारे करण्याची जुनी प्रथा आहे आणि मजाही असते. पण आरडाओरडा करत रांग आली की तरणी हरणं पळतात. जाणता नर मात्र दबून बसतो किंवा रांगेतल्या फटीतून मागे सटकतो. एकाच माणसाने वारा पाठीवर घेऊन, थांबत थांबत, जाळीच्या कडेने चालावं आणि उरलेल्यांनी बाजूच्या व मागच्या वाटा धराव्यात. काम वासालाच करू द्या. आणि कोण कुठे उभा आहे, कोणत्या दिशेला गोळी चालणार नाही, हे आधी सगळ्यांनी एकमेकांना बोलून सांगितल्याशिवाय पाऊल उचलू नका.

बार न उडणं

चकमकी बंदुकीत दोष बहुधा ओलाव्याचा असतो. गार बंदूक उबदार घरात नेली की आत-बाहेर दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी नुसती ठिणगी पडते. रंजक, म्हणजे ठिणगीने पेटणारी बारीक दारू, काढून टाका आणि बंदूक कुलूपबंद पण थंड जागी ठेवा. बर्फ पडत असेल तर रंजक मधूनमधून बदला, कान (नळीच्या बुडाचं बारीक भोक) सुईने मोकळा करा. चाप ओढल्यावर बार उडायला क्षणभर उशीर होतो, तेवढा वेळ नेम हलवू नका. उडालाच नाही, तर नळी मिनिटभर सुरक्षित दिशेलाच धरून ठेवा.

शिंगं नाहीत म्हणून मादी समजणं

डिसेंबरअखेरपासून नरांची शिंगं गळू लागतात. जानेवारीत "मोठी मादी" म्हणून पाडलेलं जनावर जवळ गेल्यावर नर निघतं. कायद्याने ते बिनशिंगीच धरलं जातं, पण ज्याची वाट बघत होता तोच पुढच्या वर्षासाठी संपतो. कानांमधला माथा बघा: मादीचा गोलसर, नराचा सपाट, आणि शिंगांच्या जागी खपल्या दिसतात. एकटंच, जाड मानेचं जनावर असेल तर दोनदा बघा.

गोळी लागली आणि ते जाळीतच परत शिरलं, तर लगेच मागे धावू नका. पोटात लागलेलं हरीण जवळच बसतं. उठवलं तर मैलभर जातं. काही तास थांबा, मग बर्फातला माग धरा. पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा पेनसिल्व्हेनियात कायद्याने चालतो. गाडीत घालण्याआधी नकाशा उघडा: राज्यात २०१२ मध्ये सीडब्ल्यूडी हा हरणांचा जीवघेणा रोग सापडला आणि तेव्हापासून रोग-व्यवस्थापन क्षेत्रं आखलेली आहेत. तिथून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. क्षेत्रातल्या गेम कमिशनच्या (राज्याच्या वन्यजीव खात्याच्या) डब्यात डोकं टाकलं तर तपासणी फुकट होते. मांस कापायला द्यायचं असेल तर त्या क्षेत्रातल्या हरणांसाठी मान्यता असलेला माणूस आधीच शोधून ठेवा.